एक सूत लहान

"बाबा, ब्रेकचा हा मास्टर सिलिंडर तुम्ही बसवलात?"

लेक आईच्या जुन्या गाडीत बसून ब्रेक दाबत होती. गाडीला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नव्हता, ब्रेक लावायचा तर पायातच जोर हवा. आज मात्र पेडल नुसत्या पंजाने खोल जात होतं.

"हो, मीच," बाबा हात पुसत म्हणाले.

"आतल्या भोकाचा बोअर सात सुतांचा होता, तिथे सहा सूत? बोअर लहान झाला की पेडल हलकं होतं आणि खाली जातं, हे तुम्हीच शिकवलंत ना मला!"

"तळाला टेकत नाही पण."

"नशीब आपलं!"

बाबा पुन्हा हात पुसू लागले. चाळीस वर्षं ब्रेकवर हात बसलेला माणूस चुकीच्या मापाचा सिलिंडर उचलतो? अलीकडे त्यांचं असंच चाललं होतं. न्हाणीघरातला वजनकाटा त्यांनी पलंगाजवळ भिंतीला टेकवून उभा ठेवला होता. विचारलं तर म्हणाले, "राहू दे तिथेच." लेकीने तेव्हा विषय सोडून दिला होता. पण गॅरेज आता तिच्या हातात होतं. कुणाच्या जिवावर बेतण्याआधी बोलायलाच हवं होतं.

"बाबा, उद्यापासून ब्रेकचं काम नको. तुम्ही पंक्चर बघा."

बाबांनी लगेच मान हलवली. वाद घातला असता तर तिला एवढं वाईट वाटलं नसतं.

तेवढ्यात आई आली. आजारातून उठल्यापासून तिने गाडीला हात लावला नव्हता. विचारलं की म्हणायची, कंटाळा आला गं चालवायचा.

"ऊठ बघू," आई म्हणाली आणि स्वतः बसली. गाडी हळूहळू फाटकापर्यंत गेली, वळून आली आणि बाबांच्या पुढ्यात अलगद थांबली.

"लागला की हो ब्रेक!" आईचे डोळे भरून आले. तिचा उजवा पाय थरथरत होता. लेकीने तो आज पहिल्यांदा नीट पाहिला.

"बाबा, मघाशी बोलला का नाहीत?"

"हिला शब्द दिला होता."

"मीच म्हटलं होतं, पायातला जोर गेलाय हे लेकीला सांगू नका, ती किल्लीच लपवून ठेवेल," आई म्हणाली. "महिनाभर रोज सकाळी हे मला पलंगावर बसवून त्या वजनकाट्यावर पाय दाबायला लावतात. पंधरा किलोच्या पुढे काटा सरकेना. शेवटी म्हणाले, जाऊ दे, तुझा जोर वाढत नाही ना, मग मी बोअर लहान करतो."

लेक मग नाक पुसत म्हणाली,

"बाबा, पंक्चर मी बघते."