जवसाचं तेल

सदाशिवरावानं जोडे पुढ्यात आपटले, तसं त्यांतलं गढूळ पाणी जलाल मोच्याच्या तोंडावर उडालं.

“घे, पी आता! थेंब शिरत नाही म्हणे! नाल्यातून चार पावलं चाललो, तं पाय भिजून पांढरे पडले.”

फुलसावंगीचा श्रावणातला बाजार नुकता कुठे रंगात आला होता. फुकटची मजा कोण सोडतो? मिरच्या-वांगी टाकून माणसं जलालच्या निंबाखाली गोळा झाली. जलालनं बाहीनं तोंड पुसलं. संताप गिळण्यावाचून इलाज नव्हता. तो बसला होता ती जागा सदाशिवरावाची. जलालच्या बापाला ती सदाशिवरावाच्या बापानं चारचौघांदेखत बसायला दिली, म्हणून आजवर कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. आता सदाशिवरावाच्या भाच्याला रबरी जोड्यांचं दुकान टाकायचं होतं आणि त्याला नेमकी हीच जागा हवी होती. भाच्याच्या जोड्यांनी खुद्द मामाच्या पायाला फोड आले, म्हणून मामानं स्वतःसाठी मात्र जलालकडूनच जोडे करून घेतले, ही गोष्ट वेगळी.

त्यात महिनाभरापासून गावात एक कुजबुज सुटली होती. जलाल जोड्यांना गाईची चरबी चोळतो, म्हणून पाणी शिरत नाही. हे कुणी उठवलं, ते सांगायला कुणी तयार नव्हतं. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. गिऱ्हाइकं मान वळवून पुढे जाऊ लागली. गाव सोडून माझ्या माहेरी, बोरी अरबला चला, असा जलालच्या बायकोनं, जोहराबीनं, धोशाच लावला होता. जलालचा जोडा गळत नाही, एवढीच काय ती अब्रू उरली होती. तीही आता भरबाजारात मातीत चालली होती.

“पाहून घ्या रे सारे! असा लबाड माणूस माझ्या जागेवर मले नाही पाहिजे. उचल तुझा पसारा अन् आत्ताच निंघ!”

जलालनंच केलेला गाडीवान पूनमसिंगचा एक जुना जोडा पट्टा तुटला म्हणून दुरुस्तीला आला होता. तो त्यानं उचलला, तांब्यातलं पाणी त्यात ओतलं आणि सगळ्यांना दिसेल असा हातावर धरून ठेवला. लोक टाचा उंचावून बघू लागले. हात कोरडाच राहिला. मग त्यानं सदाशिवरावाचा एक जोडा घेऊन नाकाशी नेला.

या चामड्याला त्यानं उन्हात ठेवून तीनदा कोमट तेल पाजलं होतं. शिवणीशिवणीत मेण भरलं होतं. असा जोडा हाताला मऊ लागायला हवा. हा भिजूनही शिळ्या भाकरीसारखा कडक होता, टाके पांढरेफटक पडले होते आणि वास येत होता तो धुण्याच्या सोड्याचा.

“भाऊ, हे जोडे कोणीतरी सोड्याच्या गरम पाण्यात घासले. तेल-मेण सारं निंघून गेलं.”

“आमच्या घरावर ढकलून राह्यला काय?” सदाशिवरावानं वाकून त्याची गचांडी धरली. “आमाले काय येड लागलं जोडे धुवाले?”

“सोड त्याले, सदाशिवा. म्या धुतले.”

गर्दीतून वाट काढत तानाबाई पुढे आली. सदाशिवरावाची म्हातारी आई. हातात भाजीची पिशवी, आणि चेहऱ्यावर आपण काही गैर केलं असा भाव नाही. उलट पोराचीच तिला चीड आली होती.

“श्रावणमास चालला अन् रोज घरात गाईची चरबी पायात घालून येतं तू. मले घास जाईना. तू काही ते जोडे सोडत नव्हता. म्हणून दोन डाव सोड्याच्या पाण्यात घासले अन् वरून गोमूत्र शिंपलं.”

सदाशिवरावाचा चेहरा लालबुंद झाला. एवढे हौसेनं करून घेतलेले जोडे गेले ते गेले, वर सगळा बाजार तोंडावर पदर आणि पंचे धरून हसत होता. तो आईवर खेकसला.

“अवं माय, काय करून बसली हे! कायची चरबी अन् कायचं काय! जवसाचं तेल हाय ते! म्या दिवसभर त्याच्याजवळ बसून माझ्या डोळ्यादेखत लावून घेतलं!”

हसणाऱ्यांनी तोंडावरचे पदर-पंचे खाली घेतले. सदाशिवरावाची बोटं जलालच्या गळ्यावरून आपोआप सुटली. जलालनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. चरबीची कुजबुज उठवणारा, ज्याला तो महिनाभर गावभर शोधत होता, तो समोरच उभा होता की काय, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

तानाबाईनं पिशवी खाली ठेवली.

“मंग महिनाभर ओसरीवर बसून ज्याले त्याले गाईची चरबी म्हणून तूच काहून सांगून राह्यलता?”