बाटलीवरचा लाल दोरा

तिनं सेंटची बाटली खिडकीतल्या उजेडात धरली आणि मनात पाल चुकचुकली. सेंट दोऱ्याच्या चांगलं दोन बोटं खाली गेलं होतं.

रविवारी तिनं स्वतःच शिलाई मशीनचा लाल दोरा बाटलीभोवती गुंडाळून, बरोबर सेंटच्या पातळीवर गाठ मारली होती. आज शुक्रवार. पाच दिवसांत दोन बोटं! अंगाला लावणारा माणूस एवढं लावतो होय? पीत असेल? छे, असलं कोण पितं. पण तोंडाचा वास झाकायचा म्हटलं तर मात्र भरपूर लागतं.

नवरा आत नमाजेसाठी हातपाय धूत होता. तो शाळेची व्हॅन चालवायचा. दारू सोडून त्याला अकरा महिने झाले होते आणि तेवढेच महिने हिचं नाक पहाऱ्यावर होतं. संध्याकाळी तो आला की दारातच, "आणा तो शर्ट, भिजवायचाय," म्हणायचं, मोरीत जाऊन कॉलर नाकाला लावायची आणि मगच चहा ठेवायचा. सगळं बिनबोभाट चाललं होतं. तेवढ्यात थोरल्या दिरांनी ही बाटली भेट पाठवली आणि घात झाला. आता कॉलरला रोज झणझणीत स्पिरिटचा वास. तो या बाटलीचा की त्या बाटलीचा, अल्ला जाणे!

भावानं तर बजावूनच ठेवलं होतं, "आपा, परत प्यायला लागला ना, तर एक दिवससुद्धा थांबू नकोस. सरळ निघून ये." मशीनखाली कपड्यांची पिशवी तेव्हापासून भरलेलीच होती.

तो टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आला. तिनं बाटली पुढं केली.

"अहो, याच्यात अल्कोहोल आहे. बाटलीवरच लिहिलंय. असलं लावून नमाज चालते का?"

"सगळेच लावतात."

"सगळ्यांचं मला काय करायचंय? अंगाला दारू चोळून अल्लासमोर उभं राहायचं म्हणजे काय! आज मौलवीसाहेबांना विचारूनच या."

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. "तुला नमाजेची काळजी लागलीय?"

"मग आणखी कशाची लागणार?"

सेंट न लावताच त्यानं बाटली खिशात टाकली, टोपी घातली आणि गेला.

नमाजेची काळजी कसली! तिचा हिशेब वेगळाच होता. मौलवीसाहेबांनी एकदा हराम म्हटलं की सेंट बंद. सेंट बंद झालं की वासाला दुसरं निमित्त उरणार नाही. मग कळेलच काय ते. एकदाचा सोक्षमोक्ष लागेल आणि पिशवी उचलायची की रिकामी करायची, तेही ठरेल. ती गणवेशांची काजं करायला बसली आणि लागोपाठ तीन काजं वाकडी करून बसली.

तो परत आला तेव्हा तिनं मान वर न करताच विचारलं, "काय म्हणाले?"

"चालतं म्हणाले. ही काही प्यायची दारू नव्हे, लावायला हरकत नाही. काही जाणकार टाळा म्हणतात. ज्याच्या मनाला पटत नाही त्यानं खुशाल टाळावं. पण लावलं म्हणून नमाज मोडत नाही, म्हणाले."

घ्या! आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. आता रोज नाकात तोच वास, आणि वर मौलवीसाहेबांची परवानगी. ती अगदी रडायच्या बेतात आली.

"मग लावा की," ती म्हणाली. "आंघोळच करा त्यानं."

"बाटली देऊन टाकली. तिथंच एकाला."

"का? चालतं म्हणाले ना?"

"म्हणाले."

"मग दिलीत कशाला?" हा एवढा शहाणा कधीपासून झाला? "का संपवून आलात?"

तो शेजारच्या खुर्चीत बसला. "मंगळवारी व्हॅनमध्ये एक पोर ओकलं. वास जाईना म्हणून सीटवर मारलं. दोन बोटं तिथं गेली. हे मी सांगणार आणि तू नुसतं 'हं' म्हणणार. खरं की खोटं, तू तरी कशावरून ठरवणार?" मग तो थोडं हसला. "आणि पुढच्या वेळी पांढरा दोरा बांध. लाल लांबून दिसतो."

तिचे कान तापले. म्हणजे याला माहीत होतं! शर्टाचंही?

तो उठला. गळ्याचं बटण काढून तिच्या स्टुलाजवळ आला आणि भांग पाडून घ्यायला लेकरू वाकतं तसा वाकला.

"मौलवीसाहेबांचं काय, त्यांनी सोडलं मला," तो म्हणाला. "पण संध्याकाळी दारात ते नसतात, तू असतेस. घे. दर वेळी मोरीपर्यंत कशाला जातेस?"

तिनं कॉलर धरली. घाम आणि कपड्याचा साबण, बाकी काही नाही. तिला इतकी लाज वाटली की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

कॉलर मात्र तिनं सोडली नाही. तिनं परत एकदा वास घेतला, आधीपेक्षा सावकाश. आणि तिचं होईपर्यंत तो तसाच वाकून उभा राहिला.