सहा लोखंडी खिळे

"ती फळी राहू द्या, ताई," मिस्त्री दुसऱ्यांदा म्हणाले.

तिनं पटाशीचं टोक खिळ्याच्या डोक्याखाली सरकवलं. होडीच्या पोटात दोघं गुडघ्यांवर बसले होते, मध्ये हातभर अंतर. चार महिने दोघांनी मिळून ही शर्यतीची जुनी शिडाची होडी खरवडली होती. रंगाचे सात थर निघाले. खालचं लाकूड अजून ठणठणीत होतं.

"का राहू द्या?"

"तिथलं लाकूड चांगलं आहे."

"चांगल्या लाकडाला घाबरणारा सुतार मी पहिल्यांदाच बघतेय."

एरवी मिस्त्री हसले असते. होडीला ते 'म्हातारी' म्हणत, आणि सकाळी आल्या आल्या तिच्या सांध्यांची चौकशी करत. आता ते आपल्या तळहातांकडे बघत राहिले.

होडीत सगळीकडे पितळी स्क्रू होते. पुढच्या टोकाच्या या एका फळीला तेवढे सहा लोखंडी खिळे, गंजलेले, खाली तांबडे ओघळ. खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या होडीला कुणी लोखंडी खिळा मारत नाही. आणि शर्यतीच्या होडीला आतून फळी मारतच नाहीत, उगाच वजन वाढतं. म्हणजे ही फळी नंतर मारलेली होती, आणि होडी पुन्हा पाण्यात उतरणार नाही हे धरून मारलेली होती. पहिल्याच आठवड्यात तिच्या हे लक्षात आलं होतं. मिस्त्री आपणहून बोलतील म्हणून ती थांबली होती.

दादाला जाऊन छत्तीस वर्षं झाली. शर्यतीत वळसा घेताना याच होडीचे पुढचे सांधे उघडले आणि होडी भरली. सुतारानं काम कच्चं केलं, असं सगळं गाव म्हणालं. मिस्त्रींनी कधी तोंड उघडलं नाही, आणि पुन्हा होडीही बांधली नाही. दारं आणि पलंग करत म्हातारे झाले. तिनं ती होडी शोधून विकत घेतली आणि त्यांच्याच हातात दिली, तेव्हा बाईचं डोकं फिरलं असं लोक म्हणाले. तिला एवढंच हवं होतं, की त्या पुढच्या टोकाशी काय झालं ते त्यांच्या देखत बघावं, आणि एकदा तोंडावर विचारावं.

सहावा खिळा निघाला. फळी तिच्या मांडीवर आली.

मागे होडीला आतून धरून ठेवणाऱ्या पाच लाकडी बरगड्या असायला हव्या होत्या. दोन होत्या. तीन करवतीनं कापून काढल्या होत्या, सफाईनं, वरखाली खुंट तेवढे ठेवून.

"तुम्ही कापल्यात." आवाज तिनं ठरवला होता तसाच निघाला.

"मीच कापल्या."

"दादानं सांगितलं म्हणून?"

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, बोटांत फिरवली, परत खोचली. "मी म्हटलं त्याला, बाबा रे, बरगड्या काढल्या तर माणूससुद्धा उभा राहत नाही. तर म्हणतो कसा, काका, तुम्ही बिनघोर कापा. हे माझ्या डोक्यातलं नाही, पक्कं गणित आहे."

"कुणाचं?"

वायरीला लटकवलेला दिवा मिस्त्रींनी पुढे धरला.

दोन खुंटांच्या मधे, होडीच्या अंगावर, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. फिकट, पण शाबूत. वर एक ओळ, खाली आकड्यांची उतरंड, शेवटी दोन रेघा मारलेलं उत्तर, तीन. सातच्या आकड्याला पोटात आडवी रेघ. शाळेत फळ्यावर ती अजून तसाच सात काढायची, आणि मुलं हसायची.

दिवा तेव्हाही याच बाजूनं धरलेला होता. दादा वरून ओणवा होऊन घाई करत होता. सांग ना, वजन कमी करायला किती बरगड्या काढता येतील? कॉलेजात पहिली येतेस ना? परवावर परीक्षा होती. दहा मिनिटांत तिनं सोडवून टाकलं आणि घरी जाऊन अभ्यासाला बसली. दादा दिवसाला दहा गोष्टी विचारायचा. त्यातली एखादी तो खरंच करेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"लोक तुम्हाला इतकं बोलले," ती म्हणाली. "सांगितलं का नाहीत?"

"घरातलं एक गेलं होतं, ताई. दुसरं कशाला घालवायचं?"

"मग रंधा मारून टाकायचात यावर."

"बसलो होतो की मारायला. दोनदा बसलो. पण मी कापणारा. लिहिणारा मी नाही. दुसऱ्याचं लिहिलेलं पुसायचं कसं? म्हणून झाकलं." ते थोडे पुढे सरकले. "आकडे मला कळतात. ती वरची ओळ कधी लागली नाही. घाईचं अक्षर आहे. काय आहे ती?"

तिनं दिवा त्यांच्या हातातून घेतला आणि लाकडाजवळ नेला. कुठलंही गणित मांडायच्या आधी ती जे लिहायची, तेच लिहिलेलं होतं.

"समजा, पाणी शांत आहे."

मिस्त्रींनी मान हलवली, आणि हलवतच राहिले.

शेडच्या खाली धक्क्यावर पाणी आपटत होतं. सकाळपासून आपटत होतं. तिला ते आत्ता ऐकू आलं.