सलेहचा वाडगा

आईच्या हातातली सुरी थांबली, तशी रोफियाही वाचता वाचता थांबली.

"पुन्हा वाच," सरिमा म्हणाली.

"'काळ्या कपडेवाल्या सैनिकांनी आम्हा चाम मुसलमानांना ओळीत बसवलं आणि डुकराचं मांस वाढलं. आमच्यापैकी कुणीच ते गिळलं नाही. मी तर भडाभडा ओकले.'"

"कोण ओकलं?"

"तू. पुस्तक तुझंच आहे ना, आई."

"नाव माझं आणि ओकारी तुझी?" सरिमाने माशाचं डोकं उडवलं. "पेजेच्या पाण्यावर महिने काढलेलं माणूस ओकतं होय गं? पोटात काय असतं ओकायला? मी वाडगा चाटूनपुसून लख्ख केला. चव अजून आठवते. चांगली होती."

"हळू बोल!" रोफियाने घराच्या खांबांपलीकडे पाहिलं. मशिदीच्या वाटेवर माणसं होती. "उद्या हे छापायला प्नोम पेन्हला जायचंय. मशिदीचे प्रमुख, गावचे हाकेम वाचतील."

"वाचू दे की मेल्याला. माझ्या शेजारी बसून बोटं चोखत होता."

रोफियाला हसू फुटलं. ते तिने गिळलं. "पण लोकांना कळायला हवं ना, आपली माणसं कशी ताठ राहिली ते."

"ताठ म्हणे!" सरिमाने सुरी पाण्यात टाकली. "सगळेच ताठ राहिले, तर तुझ्या बापाने वेगळं काय केलं? अख्ख्या ओळीत सलेहने एकट्याने वाडगा खाली ठेवला. म्हणून संध्याकाळी त्याला एकट्यालाच नदीकडे नेलं. आणि तू त्याला गर्दीत ढकलून मोकळी झालीस."

रोफियाने पेन काढलं आणि तीन ओळींवर काट मारली.

"आता सांग. काय लिहू?"

"झालं ते लिही. त्याने वाडगा खाली ठेवला आणि हळूच माझ्याकडे सरकवला. कुणी बघायच्या आत मी अर्धा संपवला. अर्धा तुला भरवला."

पेन कागदावर टेकलं होतं, ते तिथेच राहिलं.

"दीड वर्षाची होतीस," सरिमाने दुसरा मासा ओढला. "मटामटा खाल्लंस. आणि आणखी मागत होतीस."