जावयाने बदललेला पंखा

जावयाने आधी प्लग काढला, हे रंगाऱ्याने शेडच्या दारातूनच टिपलं.

बरेचजण इथेच घसरायचे. नुसतं बटण बंद करून रंग फवारायच्या कॉम्प्रेसरच्या पोटात हात घालायचे. याने प्लग काढला, वायर गुंडाळून स्वतःजवळ ठेवली, मग टाकीखालची तोटी सैल केली आणि आतली हवा सुटेपर्यंत स्वस्थ बसून राहिला.

"घाई नाही वाटतं तुला?"

"हवेला विचारा, काका. ती निघाली की मी मोकळा."

रंगाऱ्याला उत्तर आवडलं. चेहऱ्यावर मात्र त्याने तसं दिसू दिलं नाही.

लग्न ठरलं होतं. राहायचं कुठे, तेवढं बाकी होतं. जावयाला लांबच्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलं होतं आणि आज संध्याकाळपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. रंगाऱ्याची इच्छा साधी होती. एकुलत्या एका मुलीने इथेच, वरच्या दोन खोल्यांत संसार थाटावा आणि जावयाने हळूहळू ही फर्निचर रंगवायची शेड सांभाळावी. छाती आता पूर्वीसारखी साथ देत नव्हती. खोल्यांच्या भिंतींना त्याने स्वतः रंगाचे दोन हात दिले होते.

पण किल्ली देण्याआधी माणूस पारखायला नको? म्हणून आज सकाळी, घरातलं कुणी उठायच्या आत, त्याने पक्कड घेऊन कॉम्प्रेसरच्या पंख्याची दोन पाती मोडली होती. शेडमध्ये कामाला माणूस ठेवतानाही तो असंच काहीतरी करायचा. नवा पंखा कपाटात तयार होता.

"मोडला कसा हो हा?" झाकणाचे स्क्रू फडक्यावर ओळीने मांडत जावयाने विचारलं.

"एखादा स्क्रू पडला असेल आत. कामाच्या गडबडीत कुठे लक्ष राहतं?" रंगाऱ्याने स्टूल पुढे ओढलं. "तुमच्या प्रयोगशाळेत असली कामं असतात का रे?"

"मोडलेल्या वस्तू येतात."

"त्या तू दुरुस्त करतोस?"

"नाही. कशाने मोडल्या, ते नुसतं बघतो."

"बघायचा पगार देतात?" रंगारी मांडीवर थाप मारून हसला. "अगं, ऐकलंस का?"

"ऐकलं!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोचा आवाज आला. "तीस वर्षं मला राबताना बघताय, तुम्हाला नाही कुणी दिला तो!"

जावईही हसला. मग त्याने पंख्याच्या मधल्या बोल्टला पाना लावला. रंगारी पुढे झुकला. हा बोल्ट उलट्या आट्यांचा होता. जोर लावणाऱ्यांनी तो आजवर दोनदा तोडला होता. जावयाने हलकेच दाब दिला, थांबला, टोकाकडे वाकून पाहिलं आणि पाना दुसऱ्या बाजूला फिरवला. बोल्ट निमूटपणे सुटला.

जिंकलास, रंगारी मनात म्हणाला.

जुना पंखा उजेडात धरून जावयाने पुन्हा विचारलं, "दोनच पाती गेलीत. बाकीच्यांवर ओरखडाही नाही. स्क्रूनेच मोडली असतील ना?"

"नाहीतर कशाने? तापून तापून प्लास्टिक ठिसूळ झालेलं. परवा खाडकन आवाज आला, तेव्हाच मी ओळखलं."

किती बारकाईने बघतो, रंगाऱ्याला कौतुक वाटलं. असाच माणूस हवा.

नवा पंखा बसला. जावयाने तो बोटाने फिरवून पाहिला, कुठे घासत नव्हता. झाकण लागलं, प्लग लागला. मोटर घरघरत सुरू झाली. जाळीतून गरम वारा बाहेर येऊ लागला. दहा मिनिटं झाली तरी मोटर तापून बंद पडली नाही.

मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"काका," मोटर बंद करत जावई म्हणाला, "परवा तो आवाज आला, तेव्हा तुम्ही इथेच होतात?"

"इथेच म्हणजे? या जागेवर! अर्धं कपाट रंगवून झालेलं, तेवढ्यात खाडकन! अजून कानात आहे."

मुलीने ट्रे बाकावर ठेवला आणि ती घरात गेली. साखर विसरली असेल, रंगाऱ्याला वाटलं. ती परतली तेव्हा तिच्या हातात साखर नव्हती, जावयाचा फोन होता.

रंगाऱ्याने खिशातून किल्ली काढून जावयापुढे धरली.

"घे. वरच्या खोल्या तुमच्या, ही शेडही तुमची. त्या नोकरीवाल्यांना कळवून टाक, दुसरा कुणीतरी बघा म्हणावं."

जावयाने हात पुढे केला नाही. त्याने मुलीकडे पाहिलं.

"कळवलं, बाबा," ती म्हणाली. "आत्ताच. आम्ही दोघं येतोय म्हणून."

"येतोय? अगं पण पास झाला ना तो! एक चूक केली नाही त्याने!"

"तो होणारच होता. तुमच्या या परीक्षा मी लहानपणापासून बघतेय. मी त्याला म्हटलं होतं, तीनदा विचार, माझे बाबा एकदा तरी खरं सांगतील."