गळती आढळली नाही

कुंपणापलीकडच्या तेलविहिरीच्या टाकीतून वायू गळतो, अशी तक्रार डेल्फिनाबाई चार वर्षं करत होत्या. कंपनी म्हणायची, तुम्हाला भास होतात. पण गळणाऱ्या वायूवर वॉशिंग्टनच्या सरकारनं कंपन्यांना शुल्क लावलं, आणि आज कंपनीनं आपणहून रँडलला तपासणीसाठी पाठवलं.

त्यानं डोळ्यांना न दिसणारा वायू टिपणारा खास कॅमेरा टाकीवर रोखला आणि पडदा बाईंसमोर धरला. झाकणाच्या फटीतून निघालेला काळा लोट थेट त्यांच्या स्वयंपाकघराकडे सरकत होता.

"म्हणजे मी काही भ्रमिष्ट नाही!" बाईंना रडूच फुटलं.

"नाही हो मावशी. झाकणाचं रबरी वायसर फाटलंय. गाडीत नवं आहे, दहा मिनिटांचं काम."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बाजूला जाऊन बोलला आणि परत येऊन कॅमेरा पेटीत ठेवू लागला.

"अरे, वायसर?"

"वॉशिंग्टनला खासदारांनी ते शुल्क रद्द केलं. साहेब म्हणाले, आता राहू दे."

"दहा मिनिटांसाठी साहेबाला कशाला विचारतोस? बसव आणि जा की!"

"माझी नोकरी जाईल, मावशी."

"मग ते चित्रीकरण तरी दे मला. गावाला दाखवते."

"पुसलं ते. पुसायलाच सांगितलं." रँडलनं खाली बघत एक कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'पाहणी केली. गळती आढळली नाही.'

"इथं तुमची सही लागते," तो पुटपुटला. "तक्रार तुमची होती ना."