नदीपलीकडची मतदार

“पलीकडची ती म्हातारी कोणाला हात करतेय?” लिस्बेतबाईंनी विचारलं.

ग्लेबने नदीकडे बघितलं आणि लगेच मान फिरवली. “मतदार आहे,” तो म्हणाला.

शिष्टमंडळाने माना डोलावल्या. नदीपलीकडे रशिया; तिथल्या सर्वेसर्वा साहेबांशी पश्चिमेने कसं वागावं हे ठरवायला ही मंडळी ब्रसेल्सहून एस्टोनियातल्या नार्वा या सीमेवरच्या गावी आली होती. खरीखुरी मतदार बघायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. सकाळीच ग्लेबने त्यांना समजावलं होतं: साहेब हुकूमशहा आहेत हा अर्धाच प्रश्न, ते लोकांना आवडतात हा उरलेला अर्धा. तेव्हा साहेबांशी संबंध नको आणि लोकांशीही नको. ग्लेब स्वतः पलीकडच्याच रशियन घरात वाढलेला, त्यामुळे तो बोलला की विषय संपत असे. पलीकडच्या लोकांचे व्हिसे बंद करण्याच्या शिफारशीवर त्याचीही सही होती.

नदी इतकी अरुंद, की तिकडे कोणी कुत्र्याला हाक मारली तर इकडचं कुत्रं वळून बघतं. म्हातारी पलीकडच्या काठावर, स्वयंपाकघरातून आणलेल्या स्टुलावर बसली होती. एक दणकट माणूस तिला खांद्याला धरून उभा होता. ती टॉवेल हलवत होती.

टॉवेल ग्लेबच्या ओळखीचा होता. साहेब येण्याआधीच्या वर्षांत कापडगिरणीने आईला पगाराऐवजी टॉवेलच दिले होते. त्या काळाला पश्चिमेत लोकशाही म्हणत. तोंड पुसायला टॉवेल भरपूर, पण तोंडाला लागेल असं ताटात काही नाही. मग साहेब आले आणि पगार रोख मिळू लागला. तेव्हापासून आईच्या चुलीवरच्या भिंतीला साहेबांचं कॅलेंडर आहे. वर्ष बदलतं, फोटो बदलतो, साहेब तेच.

आदल्या दिवशी पलीकडून थोरल्या भावाचा, तिमोफेयचा, फोन आला होता.

“काय युरोप, जेवलास का?” त्याची सुरुवात नेहमी अशीच. “हे बघ, आईला गुरुवारी पीटर्सबर्गला न्यायचंय. हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, आता थांबण्यात अर्थ नाही. आणि ही हटून बसलीय. ग्लेब जिवंत आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय घरातून हलणार नाही म्हणते.”

“दे तिला फोन, मी बोलतो.”

“पोरांचे आवाज काढून म्हाताऱ्यांना लुबाडतात, असं टीव्हीवर ऐकलंय तिने. मागच्या वेळी तुलाच शिव्या घालून फोन आपटला, आठवतंय ना? तू तिकडून येऊ शकत नाहीस, आलास तर धरतील; तिला तुम्ही लोक तिकडे येऊ देत नाही. मग राहिला काठ. उद्या दुपारी आणतो तिला. नुसता हात कर, बास. आणि काहीतरी रंगीत घाल, तिला मोतीबिंदू आहे.”

ग्लेबने करडा कोट घातला होता. शिष्टमंडळात तोच शोभत होता.

“मी हात केला तर चालेल का?” लिस्बेतबाईंनी विचारलं. बाई शिष्टमंडळाच्या प्रमुख. वेधशाळेवर विश्वास ठेवून त्यांनी सकाळी पिवळाधमक रेनकोट विकत घेतला होता. पाऊस आला नाही, पण बाई तो काढायला तयार नव्हत्या.

“मी सल्ला देणार नाही,” ग्लेब म्हणाला. “उद्या त्यांच्या टीव्हीवर दाखवतील, युरोप नमला म्हणून.”

“हात करणं म्हणजे मान्यता नव्हे,” एक ऑस्ट्रियन सभासद म्हणाला.

“तुमचं असंच असतं,” शेजारच्या पोलिश सभासदाने सुनावलं. “आधी हात, मग त्यांच्याकडून गॅस.”

मंडळी वादात रंगली. हात केलाच तर खांद्याच्या वर जाऊ नये, इथपर्यंत एकमत होत आलं होतं. ग्लेबचा हात कोटाच्या खिशात होता. तो बाहेर काढला असता तर सगळ्यांनी विचारलं असतं, कोण ती? आणि मग सकाळच्या भाषणाचं काय झालं असतं? पलीकडे सीमेवरचा एक शिपाई रेंगाळत होता. आपण हात केला तर आईलाच त्रास होईल, असं ग्लेबने स्वतःला सांगितलं. कारण चांगलं होतं. फक्त ते त्याला हात न केल्यानंतर सुचलं.

तेवढ्यात लिस्बेतबाई कठड्याशी गेल्या आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवू लागल्या. पलीकडे म्हातारी स्टुलावरून अर्धवट उठली. तिने टॉवेल इतका हलवला की तो हातातून सुटला आणि पाण्यात पडला.

“किती गोड आहे,” बाई म्हणाल्या. “तुमच्या अहवालात अशी नव्हती.”

टॉवेल बराच वेळ पाण्यावर तरंगत होता, ना इकडे ना तिकडे.

संध्याकाळी फोन वाजला. ग्लेबने तो जरा वाजू दिला, मग उचलला.

“काय युरोप,” तिमोफेय म्हणाला. पुढचं जेवणाचं त्याने विचारलं नाही. “आई गुरुवारी जायला तयार झाली. पिशवीसुद्धा भरली. दुपारपासून जिन्यातल्या सगळ्या शेजाऱ्यांना सांगत सुटलीय, पोरगं धडधाकट आहे, लहानपणी करायचा तसे दोन्ही हात केले म्हणून.”

मागून आईचा आवाज आला. “त्याला सांग, मी परत आले की तोच पिवळा कोट घालून ये म्हणावं. म्हणजे मला लांबून ओळखू येईल.”

“सांगतो, आई,” तिमोफेय म्हणाला. मग दार लोटल्याचा आवाज झाला, आणि तो हळू आवाजात बोलला.

“ग्लेब, माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. त्या बाईंना माझे आभार सांग.”